टिचकीमामा

टिचकीमामा कुणाच्या घरी गेले की आधी माणसांना नमस्कार करत नाहीत. ज्यावर बसायचं त्या वस्तूची चौकशी आधी होते. यजमान खुर्ची पुढं सरकवतो, मामा खाली वाकतात, मागच्या पायाला बोटानं टिचकी मारतात, कान तिरपा करून आवाज ऐकतात आणि उठून म्हणतात, "मी उभाच बरा." यजमानाला वाटतं पाहुणा रुसला. तो आत जाऊन बायकोवर ओरडतो, ती चहात साखर वाढवते, आणि तोवर मामा भिंतीकडच्या फडताळाच्या मागं हात घालून चाचपत असतात.

त्यांचं खरं नाव मी इथं देत नाही. दिलं तर ते हा लेख उपडा घालून बघतील, कुठल्या वाक्याला नंतर ठिगळ लावलंय ते हुडकतील आणि समासात फुल्या मारून मला परत पाठवतील.

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या आसपास त्यांचं गाव. भाविक या गडाला धाकटी पंढरी म्हणतात. ज्यांना विठोबाच्या पंढरपूरला जाणं जमत नाही ते इथं माथा टेकतात. नगद नारायण महाराजांचा हा गड. पण त्याच्या पायथ्याशी जन्म काढूनही मामांनी कुणाला नगद उत्तर दिल्याचं ऐकिवात नाही. "मामा, हे कपाट नीट होईल का?" असं विचारलं की ते म्हणतात, "आधी बघू तर द्या." हे बघणं आखाडात सुरू झालं तर चैत्रात संपेल याची खात्री नाही.

गावोगाव दुरुस्ती करणारी माणसं पैशाला पासरी मिळतात. पाय हलतोय? ठोक खिळा. फट पडली? भर लांबी. रंग उडाला? मार ऑइलपेंट, चॉकलेटी. मामा या लोकांना 'घाईवाले' म्हणतात. त्यांचा स्वतःचा पंथ वेगळा. दुरुस्तीत त्यांना काडीचा रस नाही. दुरुस्तीच्या आधीची जी घटका असते, वस्तूला नेमकं काय झालंय हे ठरवण्याची, तिच्यात त्यांचा जीव अडकलेला. मोठ्या संग्रहालयांत या घटकेसाठी वेगळी पगारी माणसं असतात. ती वस्तूला हात लावण्याआधी तिचा स्थितीअहवाल लिहितात, फोटो काढतात, गरज पडली तर क्ष-किरणांखाली धरतात. मामांना पगार नाही, क्ष-किरण नाहीत. टिचकी आहे.

ही विद्या त्यांना कुठं मिळाली, तर मुंबईत. तरुणपणी ते तिथल्या एका जुन्या फर्निचरच्या दुकानात कामाला होते. दुकान जुन्या फर्निचरचं, आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत नव्या लाकडाला म्हातारं करण्याचा उद्योग. काळ्या चहात फडकं भिजवून फळ्या पुसायच्या, साखळी आपटून पोचे पाडायचे, टोच्यानं किडीची भोकं पाडायची. मामांचं काम भोकं पाडण्याचं. आणि भोकं पाडता पाडताच त्यांना खरं भोक कसं असतं याची गोडी लागली. "किडा सरळ चालत न्हाई," ते सांगतात. "आत शिरला की वळत वळत जातो. बारीक तार घाला. सरळ बुडापतुर गेली तर ते टोच्याचं काम. आडली, वळली, तर किड्याचं." मालकाला ही हुशारी पसंत पडली नाही, कारण मामा गिऱ्हाइकासमोर तार घालून दाखवायला लागले.

तरीही मालकानं त्यांना हाकललं नाही, गावाकडं धाडलं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला होता. दगडमातीच्या भिंती आणि माळवदाची छपरं यांवरचा लोकांचा भरवसा उडाला होता. जुनी घरं उतरवली की तुळया, खांब, दारं, पलंग, पेटारे सगळं बाहेर येतं आणि स्वस्तात जातं हे मालकाला ठाऊक. मामांनी आपल्या भागात हिंडून ट्रक भरून माल पाठवायचा, असं ठरलं. मामा आले. पहिल्याच वाड्यातल्या पहिल्याच पेटाऱ्यापाशी बसले. ट्रक दारात उभा. ड्रायव्हर रोज विचारी, "भरायचा का?" मामा म्हणत, "आतल्या बाजूचं बघायचं ऱ्हायलंय." अखेर ट्रक रिकामाच मुंबईला गेला. मामा मागं राहिले ते राहिलेच.

त्यांची शबनम पिशवी बघण्यासारखी आहे. तिच्यात बॅटरी, लोहचुंबक, गोधडीची सुई, कापसाचा बोळा, स्पिरिटची बाटली, मोजपट्टी, शाळेतल्या पोरांचा काळा कार्डपेपर आणि दोनशे पानी वही. पटाशी नाही, रंधा नाही, हातोडी नाही. गावातला सुतार यावर नेहमी तोंड टाकतो: "हत्याराबिगर कारागीर!" पण मामांना कारागीर म्हणवून घ्यायचंच नसतं. सुतार आला म्हणजे काहीतरी कापलं जाणार, असं त्यांचं ठाम मत आहे.

तपासणीचे त्यांचे काही नियम आहेत. पहिला नियम बायकामंडळींसाठी: मी येणार म्हणून वस्तू पुसून ठेवायची नाही. घरात मामा येणार म्हटलं की सुना ओलं फडकं घेऊन पेटारा चकचकीत करतात. लग्नघरी पाहुणे यायच्या आधी करतात तसंच. मामा दारातच कपाळाला हात लावतात. "पुरावा पुसला की तुमी! धूळ कुठं साचली, कुठं न्हाई, त्याच्यावरून कळतं की कुठल्या खणाला हात लागतो न् कुठल्याला लागत न्हाई. आता कोरडी भुकटी पडली व्हती का, ते मी कुणाला इचारू?" सुना पदर तोंडाला लावून आत पळतात. त्या हसतात की घाबरतात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसरा नियम निजामाचा. आमच्याकडं घरातली कुठलीही वस्तू दोन पिढ्या जुनी झाली की ती आपोआप निजामकाळातली होते. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळं या दाव्याला निदान भूगोलाची साथ आहे. पण मामा वस्तू उलटी करून बॅटरी तिरपी धरतात. समोरून उजेड टाकला तर लाकूड गोड दिसतं, तिरपा टाकला की खरवडे, रंध्याच्या लाटा, करवतीचे दात सगळं उभं राहतं. हातकरवतीच्या रेघा सरळ असतात, गोल पात्याच्या करवतीच्या कमानदार. घडीव खिळा चौकोनी, कारखान्यातला गोल. एका घरातल्या 'निजामकालीन' कपाटाच्या बिजागिरीत त्यांना फुलीचा स्क्रू सापडला. हा स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात निघाला. मामांनी घरधन्याला विचारलं, "निजामानं हे अमेरिकेहून मागवलं व्हतं का?" घरधनी म्हणाला, "स्क्रू नंतर बसवला असंल." मामा खूश झाले. कारण तेही शक्य असतं, आणि मग कपाटाची सगळी भोकं पुन्हा बघावी लागतात. एका स्क्रूखाली दुसऱ्या खिळ्याचं जुनं भोक सापडलंच. लोखंडाभोवती लाकूड काळं पडलं होतं. कपाट बाभळीचं, बाभळीतला तुरट अंश लोखंडाला भेटला की काळा डाग पडतो. मामांनी वहीत लिहिलं: 'बिजागिरी बदललेली, एकदा, बहुधा दोनदा.' घरधनी म्हणाला, "म्हंजे निजामाचं हाय?" मामा म्हणाले, "म्हंजे तुमच्या घरात दारं जोरात लावतेत."

कीड हा त्यांचा खास विषय. त्याला आमच्या जिल्ह्याचं एक कारण आहे. दसरा-दिवाळी झाली की इथली हजारो कुटुंबं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. चार-सहा महिने घराला कुलूप. केर काढायला कुणी नाही, दार उघडायला कुणी नाही. वाळवीला यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? ती जमिनीतून मातीची नळी बांधत येते, भिंतीवरून कपाटाच्या पाठीत शिरते आणि सागाचा गाभा सोडून कडेचं पांढरं लाकूड आधी संपवते. वर पॉलिश शाबूत, आत भुसा. मंडळी उन्हाळ्यात परत येतात, कपाटाचं दार ओढतात, आणि हातात नुसती मूठ येते. म्हणून मामा उन्हाळ्यात दारोदार हिंडतात. टिचकीचा आवाज खणखणीत आला की पुढं, भदभदीत आला की सुई. सुई कुठंवर रुतते ते मोजून लिहितात.

भोकं दिसली म्हणजे कीड आहेच, असं नाही, हे ते लोकांना घसा कोरडा होईतो सांगतात. भोक म्हणजे किडा निघून गेल्याची पावती. कडा मळलेल्या, काळपट असतील तर पावती जुनी. आतून फिकट, ताजं लाकूड दिसत असेल तर सावध. मग काळा कार्डपेपर वस्तूखाली पसरायचा आणि वाट बघायची. काही आठवड्यांनी त्यावर पांढरं बारीक पीठ पडलं, तर आत भुंगेरा जेवतोय. मुंबईच्या दमट हवेत त्यांनी आणखी एक प्रकार पाहिलेला, कोरड्या लाकडातच राहणाऱ्या वाळवीचा. तिचे खसखशीएवढे दाणे पडतात, आणि भिंगाखाली धरले तर प्रत्येक दाण्याला सहा बाजू. हे सांगताना मामांचा चेहरा असा होतो की ऐकणाऱ्याला आपल्या घरी ही वाळवी नाही याची खंत वाटावी.

पॉलिश ओळखायला ते आड जागी स्पिरिटचा बोळा टेकवतात. चिकट झालं तर लाखेचं, म्हणजे चपडीचं. नाही झालं तर दुसरं काहीतरी. चपडी हीसुद्धा एका किड्याचीच करणी, पळसा-बोरीच्या फांद्यांवर राहणाऱ्या लाखेच्या किड्याची. मामांना यात मोठी गंमत वाटते. एक किडा लाकूड खातो, दुसरा त्याला चकाकी देतो, आणि मधल्या मधी सुतार पैसे घेतो.

वहीत प्रत्येक वस्तूची चार चित्रं असतात: पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून. त्यावर फुल्या, बाण, आकडे. या डाव्या-उजव्यावरून त्यांचं सुतारासोबत एकदा कडाक्याचं भांडण झालं. मामांनी लिहिलं, 'डावा हात सैल.' सुतारानं खुर्चीसमोर उभं राहून आपल्या डाव्या बाजूचा हात खोलला. तो चांगला होता; खोलल्यावर राहिला नाही. तेव्हा मामांनी नियम केला: डावा म्हणजे बसलेल्या माणसाचा डावा. सुतारानं विचारलं, "मग कपाटाचा डावा कुठला? कपाटात कोण बसतंय?" मामा रात्रभर जागे राहिले. सकाळी त्यांनी नव्या पानावर लिहिलं: 'कपाटात माणूस बसला आहे असे समजावे.'

गावातल्या एका घरी गोल मेज होतं. मामांनी ते रेषांच्या दिशेनं मोजलं, मग आडवं मोजलं, आणि पुन्हा मोजलं. आडवं दोन सूत कमी भरलं. मामांनी मेजाला हात जोडले. घरातले म्हातारे आजोबा भडकले: "आमचं मेज वाकडं म्हणता?" मामा म्हणाले, "वाकडं हाय म्हणूनच जुनं हाय. लाकूड लांबीत आटत न्हाई, रुंदीत आटतं. नवं असतं तर चोख गोल भरलं असतं." आजोबांनी त्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला मेज वाकडं असल्याचं अभिमानानं सांगायला सुरुवात केली.

आता पलंगाची गोष्ट. तीन भाऊ, वाटणी झालेली, शेत-विहीर-बैल सगळं सुरळीत. राहिला एक सागवानी पलंग, कातीव पायांचा, मच्छरदाणीच्या दांड्यांसकट. कुणी घ्यायचा ते ठरेना. विकून पैसे वाटून घ्यायचं ठरलं आणि मामांना बोलावणं आलं, किंमत सांगायला. मामा म्हणाले, "किंमत बाजार सांगतो. मी फकस्त दुखणं सांगीन." वैशाखात त्यांनी पलंग पाहिला. आमच्याकडं तेव्हा पारा चाळिशीपार असतो, लाकूड आटतं, सांधे खुळखुळतात. पट्ट्यांत काडेपेटीतली काडी जाईल एवढी फट. थोरला म्हणाला, "फेव्हिकॉल भरू न् इकू." मामांनी त्याचा हात धरला. "आत्ता फट भरली तर पावसाळ्यात लाकूड फुगून जाईल कुठं? फळी मधीच उकलंल. एक पावसाळा बघू द्या." भाऊ थांबले. श्रावणात फटी मिटल्या, सांधे आवळले, पलंग कुरकुरेना. मामांनी तेही लिहून घेतलं. "आता?" धाकट्यानं विचारलं. "आता एक हिवाळा." कुणी घाई केली की ते भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा दाखला देतात. १८७२ ची ती इमारत. तिथलं जतनाचं काम २००३ ते २००८ चाललं. सागवानी कपाटं बघायला मामा मुद्दाम जाऊन आले होते. "पाच वर्षं!" ते म्हणतात. "न् तुमाला पलंगाला एक हिवाळा जड झाला."

मधल्यालाच जड झाला. गिऱ्हाईक तालुक्याहून येणार होतं. त्यानं रात्री रंगाऱ्याला बोलावून पॉलिशपेपरनं पलंग घासून घेतला आणि चॉकलेटी ऑइलपेंट मारला. सकाळी मामा आले. वाड्यात सगळे श्वास रोखून उभे. मामांनी पलंगाभोवती एक फेरी घातली. टिचकी मारायला बोट पुढं केलं आणि मागं घेतलं, रंग ओला होता. मग खाली बसून त्यांनी वही काढली, पलंगाचं पान उघडलं आणि 'यापूर्वीच्या दुरुस्त्या' या रकान्यात लिहिलं: 'ऑइलपेंट, एक हात. दिनांक: काल.' तालुक्याच्या गिऱ्हाइकानं रंग बघून पलंग नाकारला. पलंग अजून वाड्यात आहे, तिघांचा.

मला या माणसाचा राग येतो तो अशा वेळी. इतकं सगळं ओळखणाऱ्या माणसानं एखादी वस्तू नीट करून दाखवावी की नाही? त्यांच्या वह्या रचल्या तर कोनाडा भरेल, पण त्या वह्यांतल्या एकाही खुर्चीवर मामांमुळं कुणी बसू लागलं, असं झालेलं नाही. पण मग मी गावात हिंडून बघतो. घाईवाल्यांच्या हाती गेलेली कपाटं कुठं आहेत? घासून घासून त्यांची नक्षी गेली, खिळ्यांनी फळ्या उकलल्या, शेवटी भंगारात किंवा चुलीत. मामांनी ज्यांचा अहवाल लिहायला घेतला आणि संपवला नाही, ती सगळी जागेवर आहेत. हलतात, कुरकुरतात, पण आहेत. हे मी मामांना बोलून दाखवलेलं नाही. त्यांनी त्यालाही 'निरीक्षण अपुरे' असा शेरा दिला असता.

२०२४ च्या दसऱ्याला नारायणगडावर मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटलांचा मेळावा झाला. जिकडं बघावं तिकडं माणूस. मामाही निघाले होते, पण वाटेतल्या चहाच्या हॉटेलापुढं अडकले. हॉटेलवाल्याचं बाकडं माणसांनी खच्चून भरलेलं. सगळ्यांच्या माना गडाकडं, मामांची बाकड्याखाली. "दादा, मागल्या पायाला आडवी भेग हाय. दोन माणसं उठवा." हॉटेलवाला म्हणाला, "मामा, आजच्या दिवस ऱ्हाऊ द्या." मामा राहू देतील कसे? ते तिथंच वाकून बसून राहिले, आणि गर्दी ओसरेपर्यंत बाकड्यावरचा एकेक माणूस आपण होऊन उठून गेला, कारण खालून कुणीतरी टिचक्या मारतंय हे फार वेळ सोसत नाही. गडावर मात्र, एकादशीला दर्शनाच्या रांगेत, मामा दोन्ही हात पाठीशी घट्ट धरून उभे असतात. मामी मागून लक्ष ठेवून असतात.

मामींची गोष्ट निराळी. त्यांच्या लग्नात माहेराहून आलेला पेटारा मामांनी कधीच तपासला नाही, असा माझा समज होता. मी एकदा विचारलं. मामा कानकोंडे झाले. मामीच म्हणाल्या, "बगितला की. लग्नाच्या रातीच बगितला. नवरी कडंला बसलीय न् ह्ये बॅटरी घेऊन पेटाऱ्यात." मामा पुटपुटले, "कुलूप पितळी हाय का मुलामा, तेवढंच बघितलं. लोहचुंबक चिकटला न्हाई." मामींनी त्यावर माझ्याकडं बघितलं. पितळ अस्सल निघालं म्हणून त्या लग्नात राहिल्या, की राहिल्या म्हणून ते अस्सल ठरलं, ते विचारायचं धाडस मी केलं नाही.

गेल्या वर्षी मामांचा गुडघा धरला. जन्मभर कपाटांखाली वाकल्याचं फळ. पोरानं त्यांना बीडला एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला, क्षणभर बघितला आणि म्हणाले, "वाटी झिजलीय. बदलावी लागेल." मामा खुर्चीवर ताठ झाले.

"बघितलं?"

"बघितलं की."

"मागून न्हाई बघितलं. दाबून न्हाई बघितलं. आवाज न्हाई ऐकला."

डॉक्टर बिचारे सभ्य. त्यांनी गुडघा दाबला, वाकवून बघितला, वर हातोडीची एक टिचकीसुद्धा मारली. मामांचा चेहरा जरा निवळला. मग डॉक्टरांनी कागदावर लिहायला घेतलं, 'डावा गुडघा', आणि मामांनी त्यांचा हात धरला.

"डावा कुणाचा? बसलेल्याचा का बघणाऱ्याचा?"

"तुमचा, मामा."

"असं लिवा तसं."

डॉक्टरांनी लिहिलं. ऑपरेशनची तारीख विचारली. पोरगा 'पुढच्या सोमवारी' म्हणायला गेला, तोवर मामा उठून काठी टेकत दाराशी पोचले होते. बाहेर वळवाचे ढग आले होते.

"आत्ता उन्हाळ्याचं बघितलंय तुमी," ते वळून म्हणाले. "एक पावसाळा जाऊ द्या."